दोन हजार ट्यूमर आणि एक काळी वही : हार्वी कुशिंगची कारकीर्द



आजचा भाग एका डॉक्टरवर आहे. हार्वी कुशिंग. नाव ऐकल्यासारखं वाटत असेल तर त्याचं कारण बहुधा ‘कुशिंग सिंड्रोम’. घरात कुणाला बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या तोंडून हा शब्द कानावर पडलेला असतो. चेहरा गोल गरगरीत होतो, पोट सुटतं, हातपाय मात्र काटकुळे राहतात. तर तोच हा कुशिंग. पण ही त्याची अर्धीच ओळख झाली. मेंदूतल्या गाठी काढणं, म्हणजे आपण ज्याला ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन म्हणतो ते, एखादा माणूस आयुष्यभराचं काम म्हणून करू शकतो आणि त्यातून पेशंट जिवंत घरी जाऊ शकतात, हे ज्यानं दाखवून दिलं तो हा अमेरिकन सर्जन.

त्याच्याबद्दल बोलताना लोक सहसा त्याच्या हातांबद्दल बोलतात. हात होतेच तसे. पण आज मला बोलायचंय ते त्याच्या नोंदींबद्दल. आपल्या हातून किती माणसं वाचली आणि किती दगावली हे हा माणूस चाळीस वर्षं लिहीत राहिला, आणि माझ्या मते त्याची खरी कमाई तिथं आहे. का, ते बघू.

गाठ सापडते, माणूस जातो

आधी थोडं मागे जाऊ. २५ नोव्हेंबर १८८४. लंडनमध्ये रिकमन गॉडली नावाच्या सर्जननं एका तरुणाची कवटी उघडून मेंदूतली गाठ काढली. लक्षात घ्या, तेव्हा एक्स-रेसुद्धा नव्हता, त्याचा शोध लागायला अजून अकरा वर्षं होती. गाठ नेमकी कुठं असेल हे ह्यूज बेनेट या डॉक्टरनं नुसत्या लक्षणांवरून ताडलं होतं. आणि सांगितल्या जागी गाठ सापडली! केवढं मोठं यश. पण पेशंट महिनाभरात जंतुसंसर्गानं गेला.

पुढची पंधरा-वीस वर्षं बहुतेक ठिकाणी हीच कथा. गाठ ओळखता येत होती, कवटी उघडता येत होती. पण एकदा उघडली की रक्त थांबत नसे. हातापायाची रक्तवाहिनी दोऱ्यानं बांधता येते. मेंदू इतका मऊ असतो की तिथं दोरा ओढला तर तो ऊतीच कापत जातो. त्यात कवटी म्हणजे बंद डबा. आत सूज आली की मेंदूला जायला जागाच नाही, उघडल्या भोकातून तो बाहेर फुगून यायचा. आणि यातून कुणी वाचलाच तर मागे गॉडलीच्या पेशंटसारखा संसर्ग उभा. लंडनचा व्हिक्टर हॉर्स्ली यासारखे मोजके सर्जन सोडले तर बाकीचे या वाटेला जात नसत. जे जात ते क्वचित जात, आणि झालेले मृत्यू सहसा कुणी एकत्र मोजत नसे.

‘असं होतंच, विसरून जा’

कुशिंगचा जन्म ८ एप्रिल १८६९ चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडचा. दहा भावंडांतलं शेंडेफळ. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, पणजोबाही डॉक्टर. येल विद्यापीठातून पदवी घेऊन तो १८९१ मध्ये बॉस्टनला हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाला.

त्या काळी ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचं काम कुणाचं, तर विद्यार्थ्यांचं! भूलतज्ज्ञ हा प्रकारच अजून नव्हता. ऑपरेशन बघायला बाकांवर बसलेल्या मुलांपैकी एकाला खाली बोलवायचं, ईथरची बाटली हातात द्यायची आणि बाजूच्या खोलीत पेशंटपाशी पाठवायचं. कुशिंगवर ही पाळी आली तेव्हा त्याला ना कुणी काही शिकवलेलं, ना त्यानं काही वाचलेलं. आतून ‘पेशंट आणा, पेशंट आणा’ असा लकडा लागलेला. त्यानं जमेल तसं ईथर दिलं. ऑपरेशन चालू असतानाच पेशंटला उलटी झाली, ती श्वासनलिकेत गेली आणि पेशंट तिथल्या तिथं गेला.

पोरगा हादरला. आपण माणूस मारला असं त्याला वाटलं, आणि वैद्यक सोडून द्यायचा विचार त्याच्या मनात आला. त्यावर त्याला काय सांगण्यात आलं माहितीये? की असं वरचेवर होतं, मनावर घेऊ नकोस, अभ्यासाला लाग. बऱ्याच वर्षांनी एका पत्रात त्यानं हा प्रसंग लिहिला आहे. तो अभ्यासाला लागला, पण विसरला मात्र नाही.

त्याच्या वर्गात अर्नेस्ट कॉडमन नावाचा मुलगा होता. दोघं एकाच वयाचे, दोघंही ईथर द्यायचे. त्यांनी आपसात पैज लावली. भूल कोण चांगली देतो? हरणाऱ्यानं जेवण द्यायचं. आता चांगली भूल ठरवायची कशावर, तर ऑपरेशननंतर पेशंटला किती त्रास झाला यावर. म्हणजे मोजणं आलं. म्हणून त्यांनी कागदाच्या चौकटीवर पेशंटची नाडी आणि श्वास ठरावीक मिनिटांनी लिहायला सुरुवात केली. १८९४-९५ सालचे ते तक्ते ‘ईथर चार्ट’ म्हणून ओळखले जातात. आज जगातल्या कुठल्याही ऑपरेशन थिएटरात भूलतज्ज्ञ जो आलेख भरतो, त्याच्या पूर्वजांत दोन विद्यार्थ्यांच्या या पैजेचा कागद आहे.

यात एक साधी गोष्ट घडली. आतापर्यंत पेशंट टेबलावर गेला तर ‘प्रभूची इच्छा’ किंवा ‘होतंच असं’ म्हणायची सोय होती. कागदावर दिसायला लागलं की मृत्यूच्या दहा मिनिटं आधी नाडी बिघडत होती. मग प्रश्न उभा राहतो, तेव्हा तुम्ही काय करत होतात?

बाल्टिमोर आणि युरोपची वारी

१८९६ मध्ये कुशिंग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेडच्या हाताखाली गेला. हॉल्स्टेड हा अत्यंत सावकाश काम करणारा सर्जन. त्या काळात सर्जनचं मोठेपण घड्याळावर ठरायचं. पाय किती मिनिटांत कापला वगैरे. हॉल्स्टेडचं उलटं. एकेक रक्तवाहिनी बांधत, ऊतींना हळुवार हात लावत तो तासन्‌तास काम करी. मेंदूला नेमका हाच हात लागणार होता.

१९०० साली कुशिंग युरोपात गेला. लंडनला त्यानं हॉर्स्लीला काम करताना पाहिलं. एका श्रीमंत बाईच्या घरी, चेहऱ्याच्या असह्य कळांवरचं ऑपरेशन, आणि सगळं काही विलक्षण घाईत. बघून हा चाट पडला, आणि आपला रस्ता हा नव्हे हे त्याच्या लक्षात आलं. तिथून तो स्वित्झर्लंडमधल्या बर्नला थिओडोर कोखरकडे गेला. तिथल्या प्रयोगशाळेत त्यानं प्राण्यांच्या कवटीतला दाब हळूहळू वाढवत नेला आणि काय होतं ते टिपलं. कवटीतला दाब वाढला की मेंदूचं रक्त तुटायला लागतं, म्हणून शरीर रक्तदाब चढवून ते रक्त आत ढकलू पाहतं. नाडी मंदावते, श्वास बिघडतो. आजही अपघात विभागात डोक्याला मार लागलेल्या पेशंटचा रक्तदाब चढतोय आणि नाडी पडतेय असं दिसलं की सगळे धावतात, ते या निरीक्षणामुळे. पुस्तकात त्याला ‘कुशिंग रिफ्लेक्स’ म्हणतात.

परतीच्या प्रवासात इटलीत पाविया गावी त्याला रीवा-रोच्चीनं बनवलेलं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं साधन बघायला मिळालं. त्यानं त्याचा नमुना बरोबर आणला आणि ईथर चार्टवर आणखी एक रेघ वाढली. हार्वर्डच्या सर्जन मंडळींनी हे यंत्र तपासून पाहिलं आणि निष्कर्ष काय काढला, तर नाडीवरचं अनुभवी बोट यंत्रापेक्षा बरं! आपल्याकडेही असे अनुभवी बोटवाले आपण पाहिलेले असतात.

रक्ताशी झगडा

बाल्टिमोरला परतल्यावर कुशिंगनं ठरवलं की आपण मज्जासंस्थेचीच सर्जरी करायची. अनेकांनी त्याला वेड्यात काढलं. पुरेसे पेशंट मिळणार नाहीत, आणि मिळतील ते मरतील, हा व्यवहारी सल्ला होता. सुरुवातीला तो खराच ठरत होता. अनेकदा गाठ काढता यायचीच नाही. मग त्यानं निदान कानाच्या वर कवटीचा तुकडा काढून आतला दाब कमी करायची पद्धत बसवली. त्यानं गाठ जात नसे, पण डोकेदुखी थांबायची आणि दृष्टी वाचायची. एखाद्याला वर्ष-दोन वर्षं डोळे राहणं हेही कमी नाही.

रक्तस्रावावर उपाय शोधणं चालूच होतं. १९११ मध्ये त्यानं चांदीच्या तारेच्या बारीक चिमट्या वापरल्याचं प्रसिद्ध केलं. दोरा बांधता येत नाही तिथं छोटीशी चिमटी लावायची आणि तशीच आत ठेवून द्यायची. आणि तरीही रक्त आवरेना तर? तर थांबायचं. जखम बंद करायची आणि काही दिवसांनी पुन्हा उघडायची. हे थांबणंही त्याच्या काळात नवं होतं.

फेब्रुवारी १९१० मध्ये अमेरिकी सैन्याचा एक बडा अधिकारी, जनरल लेनर्ड वूड त्याच्या टेबलावर होता. मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ. पायात झटके यायचे, पाय लुळा पडत चाललेला. रक्त इतकं गेलं की कुशिंगला पहिल्या दिवशी थांबावं लागलं, काही दिवसांनी पुन्हा आत शिरून त्यानं गाठ काढली. वूड चालत घरी गेला, सैन्यदलाचा प्रमुख म्हणून कामाला लागला, १९२० मध्ये तर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत उतरला. अशा प्रकारच्या गाठीला पुढे १९२२ मध्ये ‘मेनिंजिओमा’ हे नाव कुशिंगनंच दिलं.

याच काळात त्याचं दुसरं वेड सुरू झालं, पिट्यूटरी ग्रंथीचं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे असलेली ही वाटाण्याएवढी ग्रंथी. तिच्यात गाठ झाली तर कुणाचे हातपाय-जबडा वाढत जातात, कुणाची वाढ खुंटते, कुणाची नजर जाते. मार्च १९०९ मध्ये त्यानं अशा एका शेतकऱ्यावर नाकाच्या मार्गानं ऑपरेशन केलं. १९१२ मध्ये या ग्रंथीवर त्याचं जाडजूड पुस्तक आलं.

आणि इथं गोष्टीची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. ही नोंद पुरी करायची म्हणजे पेशंट दगावल्यावर आत काय होतं ते बघायला हवं. म्हणजे शवविच्छेदन. त्यासाठी कुशिंग नातेवाइकांच्या मागे लागायचा. १९११ मध्ये ग्रंथीच्या विकारानं अवाढव्य वाढलेला एक माणूस वॉशिंग्टनमध्ये वारला. घरचे शवविच्छेदनाला तयार नव्हते. कुशिंगच्या सहायकांनी अंत्यविधीवाल्याला पैसे चारले, आणि बाहेर नातेवाईक जमलेले असताना गुपचूप ग्रंथी काढून आणल्या. ज्ञानासाठी, हे खरं. पण ज्याच्या घरात मरण झालंय त्याच्या बाजूनं बघा, ही चोरीच होती. कुशिंगच्या नोंदींचं कौतुक करताना हे पान फाडून टाकता येत नाही.

काळी वही

१९१२ मध्ये तो बॉस्टनच्या नव्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात सर्जरीचा प्रमुख झाला. आणि १९१५ मध्ये तिथं लुईस आयझनहार्ट नावाची एक तरुणी त्याच्या लिखाणात मदतनीस म्हणून कामाला लागली. कानाच्या नसेवरच्या गाठींवर तो पुस्तक लिहीत होता, त्याची कच्ची बाजू सांभाळायला. काम करता करता तिला विषयाचीच गोडी लागली. नोकरी सोडून ती मेडिकल कॉलेजात गेली, १९२५ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली आणि पुढे कुशिंगच्याच विभागात गाठी तपासणारी पॅथॉलॉजिस्ट म्हणून परतली.

तिच्याकडे एक छोटी काळी वही असायची. प्रत्येक गाठीची त्यात नोंद. काचपट्टीखाली तपासून गाठ आहे हे सिद्ध झालं, तरच तो आकडा धरायचा. संशयावरून मोजायचं नाही. ऑपरेशननंतर पेशंट गेला का? घरी गेला तर किती वर्षं जगला? घरी गेलेल्या पेशंटना कुशिंगनं सांगून ठेवलेलं असायचं की दर वर्षी ऑपरेशनच्या तारखेला मला पत्र लिहा. आणि लोक लिहायचे! शेतातून, गिरणीतून, दुसऱ्या राज्यातून. कुशिंग माणूस म्हणून सहायकांना नकोसा वाटावा इतका कडक, चिडखोर. पण पेशंटच्या डोक्याची पट्टी स्वतःच्या हातानं बांधणारा. ऑपरेशन संपल्यावर, दमलेला असला तरी, तो स्वतः बसून काय दिसलं त्याचं चित्र काढून ठेवायचा.

मध्ये पहिलं महायुद्ध आलं. १९१७ मध्ये बेल्जियमच्या आघाडीमागच्या तंबूंत तो कवटीत तोफगोळ्याचे तुकडे घुसलेल्या जवानांवर ऑपरेशनं करत होता. ज्याला तो गुरू मानायचा त्या विल्यम ऑस्लरचा एकुलता मुलगा त्याच्यासमोर तिथं मेला. अशाही ठिकाणी त्यानं महिन्यागणिक हिशेब ठेवला. पहिल्या महिन्यात मृत्यूचं प्रमाण ५४.५ टक्के, तिसऱ्या महिन्यात २८.८ टक्के. माणसं तीच, तंबू तोच. जखम कशी साफ करायची, तुकडा कसा काढायचा, यातल्या चुका महिन्यामहिन्याला दुरुस्त होत गेल्या म्हणून एवढा फरक. १९१८ मध्ये हे आकडे छापूनही आले.

१९२६

हे एक साल वेगळं काढून सांगतो. त्या वर्षी पर्सिव्हल बेली या सहकाऱ्याबरोबर लिहिलेलं कुशिंगचं पुस्तक आलं. मेंदूच्या ग्लायोमा जातीच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात आणि त्यावरून पेशंट किती जगेल हे कसं सांगता येतं, याची पहिली नीट वर्गवारी त्यात होती. ही वर्गवारी जमली कारण गाठीचा तुकडा आणि त्या माणसाचं पुढचं आयुष्य, दोन्हीची नोंद एकाच ठिकाणी होती. त्याच वर्षी ऑस्लरच्या चरित्राला पुलित्झर पारितोषिक मिळालं. हो, सर्जननं लिहिलेल्या चरित्राला!

आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा थोरला मुलगा मोटार अपघातात गेला. सकाळी फोन आला. कुशिंगनं बायकोला बातमी सांगितली, आणि रुग्णालयात जाऊन ठरलेलं ऑपरेशन केलं. याला कर्तव्य म्हणायचं की आणखी काही, ते तुम्ही ठरवा.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. विल्यम बोव्ही नावाच्या शास्त्रज्ञानं विजेच्या प्रवाहानं ऊती कापणारं आणि रक्तवाहिन्या भाजून बंद करणारं यंत्र बनवलं होतं. रक्त न आवरल्यामुळे अर्धवट सोडावं लागलेलं एक ऑपरेशन कुशिंगनं १ ऑक्टोबर १९२६ ला हे यंत्र घेऊन पुन्हा हाती घेतलं. थिएटरात सगळी धांदल. रक्त द्यायला आणलेला विद्यार्थी बघूनच चक्कर येऊन पडला. पण गाठ निघाली, पेशंट सुधारला. त्यानंतर कुशिंगनं काय केलं, तर पूर्वी ‘हे जमणार नाही’ म्हणून जखम बंद करून घरी पाठवलेल्या पेशंटना परत बोलावलं. कुणाला बोलवायचं हे त्याला ठाऊक होतं. कारण अपयशाचीही यादी होती, पत्त्यासकट.

हरलेल्या केसचे कागद जपून ठेवण्याचा उपयोग तो हा. पण वहीत दुसऱ्याही नोंदी येत होत्या. १९२७ मध्ये जनरल वूडची गाठ पुन्हा वाढली. सतरा वर्षांनी तो पुन्हा कुशिंगच्या टेबलावर आला, आणि या वेळी ऑपरेशननंतर काही तासांत गेला. सगळ्यात गाजलेला पेशंट आपल्या हातून गेला, याचा कुशिंगला जबर धक्का बसला. नोंद झाली.

दोन हजारावी नोंद

१५ एप्रिल १९३१ रोजी ब्रिगममध्ये कुशिंगनं सिद्ध झालेल्या दोन हजाराव्या ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन केलं. त्याची चित्रफीतही काढण्यात आली. देशोदेशीच्या सर्जननी तोवर त्याच्याकडे शिकून आपापल्या देशात हे काम सुरू केलं होतं. १९३२ मध्ये त्यानं या दोन हजार केसवर पुस्तक छापलं, आणि त्याच्या नावातच लिहिलं की यात मृत्यूचे टक्के दिलेले आहेत. गाठीच्या प्रत्येक जातीचे, आणि कुठल्या काळात किती, तेही. जो माणूस कळस गाठून निवृत्त होतोय, तो आपल्या हातून गेलेल्यांची यादी छापून जातोय.

त्याच वर्षी त्यानं बारा पेशंटवर एक निबंध लिहिला. त्यातली एक तरुणी त्यानं १९१० साली हॉपकिन्समध्ये पहिल्यांदा पाहिली होती. गोल चेहरा, सुटलेलं पोट, अंगावर लव, पाळी बंद. तेव्हा त्याला नक्की उलगडा झाला नव्हता. त्यानं वर्णन लिहून ठेवलं आणि वाट बघितली. बावीस वर्षांनी, बाकीच्या केस गोळा झाल्यावर, त्यानं मांडलं की याच्या मुळाशी पिट्यूटरीतली एक अगदी बारकी गाठ असू शकते. हाच तो ‘कुशिंग डिसीज’.

हिशेबाची दुसरी बाजू

आता मंडळी, एवढं ऐकून वाटेल की नोंद ठेवली की सगळं साधलं. तसं नाही. कुशिंगचा हॉपकिन्समधला एक शिष्य होता, वॉल्टर डँडी. त्यानं १९१८ मध्ये मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरून एक्स-रे काढायची युक्ती शोधली. गाठ कुठं आहे ते त्यामुळे प्रथमच चित्रात दिसायला लागलं. कुशिंगनं तिचं मोकळ्या मनानं स्वागत केलं नाही, धोक्यांवर बोट ठेवलं. कानाच्या नसेवरची गाठ कुशिंग आतून पोखरून अर्धी ठेवायचा, कारण पूर्ण काढायला गेलं की माणूस जातो हा त्याचा अनुभव. डँडीनं ती पूर्ण काढून दाखवली, आणि १९२२ मध्ये त्याचं वृत्त छापलं तेव्हा गुरुशिष्यांत कायमचं फाटलं. अर्धी ठेवलेली गाठ पुन्हा वाढते, हे कुशिंगच्याच वहीत होतं. पण ऑपरेशनमध्ये कमी माणसं दगावतात हा आकडा इतका मोलाचा झाला की पुढचं पाऊल टाकायला हात धजेना. वही खरं सांगते. तिच्यातलं कुठलं पान वाचायचं ते माणूस ठरवतो.

आणि तो पैज लावणारा कॉडमन आठवतोय ना? त्यानं तर हा विचार पार टोकाला नेला. त्याचं म्हणणं, प्रत्येक रुग्णालयानं प्रत्येक पेशंटची पुढे वर्षभर चौकशी करावी आणि निकाल जाहीर छापावा, चुकांसकट. बॉस्टनच्या बड्या रुग्णालयानं हे मानलं नाही, म्हणून १९१४ मध्ये तो तिथून बाहेर पडला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात त्यानं ३३७ पेशंटमधल्या १२३ चुका नोंदवून पदरच्या पैशानं छापल्या. १९१५ मध्ये भर सभेत त्यानं एक व्यंगचित्र लावलं. वाळूत डोकं खुपसून सोन्याची अंडी देणारा शहामृग म्हणजे बॉस्टनची श्रीमंत जनता, आणि अंडी गोळा करणारे डॉक्टर! झालं. मित्र तुटले, कामं गेली. १९४० मध्ये तो वारला तेव्हा कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो बसला २०१४ साली.

दोघांची सुरुवात एकाच कागदावर झाली. कुशिंगनं स्वतःचा हिशेब ठेवला, त्याला मान मिळाला. कॉडमननं तोच हिशेब सगळ्यांकडे मागितला आणि तो नकोसा झाला.

तळघरातल्या बरण्या

निवृत्तीनंतर कुशिंग येलला परतला. ७ ऑक्टोबर १९३९ ला हृदयविकारानं गेला. त्याचंही शवविच्छेदन झालं, आणि मेंदूच्या तिसऱ्या पोकळीत साधारण एक सेंटिमीटरची एक निरुपद्रवी गाठ सापडली. आयुष्यभर तिनं त्याला काही त्रास दिलेला नव्हता.

त्याचा संग्रह, म्हणजे २२०० हून जास्त केसचे कागद, बरण्यांत जपलेले मेंदू, हजारो काचेच्या निगेटिव्ह, आयझनहार्टनं येलमध्ये सांभाळला. हीच आयझनहार्ट १९४४ मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’ची पहिली संपादक झाली. १९६७ मध्ये तीही गेली, आणि नंतर बरण्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडल्या. नव्वदच्या दशकात रात्री चोरून तळघरात उतरणाऱ्या मुलांमुळे त्यांची पुन्हा चर्चा झाली. २०१० पासून त्या येलच्या वैद्यकीय ग्रंथालयात नीट मांडून ठेवल्या आहेत. जनरल वूडचा मेंदूही येलमध्येच आहे. त्यांच्यापुढे उभं राहिलं की ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्या माणसांचीही आठवण ठेवावी लागते.

आपल्याशी या सगळ्याचा धागा आहे का? आहे. वाइल्डर पेनफिल्ड हा कॅनडातला मोठा न्यूरोसर्जन उमेदवारीच्या काळात ब्रिगममध्ये कुशिंगच्या हाताखाली होता. त्याच्याकडे माँट्रियलला शिकलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला न्यूरोसर्जरीचा विभाग सुरू केला, भारतातला पहिला. दोन वर्षांनी ‘न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली, त्यातही ते होते.

आता शेवटचं. ऑपरेशन ठरलं की आपण डॉक्टरांना काय विचारतो? खर्च किती, किती दिवस ठेवणार, विमा चालेल का. ‘डॉक्टर, अशी किती ऑपरेशनं तुम्ही केलीत, आणि त्यातल्या किती जणांना त्रास झाला?’ हा प्रश्न आपल्या तोंडून निघत नाही, विचारणं उद्धटपणाचं वाटतं. कुशिंगला विचारलं असतं तर त्यानं आयझनहार्टकडे बघितलं असतं, आणि तिनं वही उघडली असती. नम्रपणे विचारायला हरकत नाही. वही ठेवणाऱ्या डॉक्टरला राग येणार नाही.

तुमच्या ओळखीत कुणी डॉक्टर, नर्स, भूलतज्ज्ञ असतील तर त्यांना हा भाग जरूर ऐकवा, आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, नमस्कार!